हरणी कुणाची?

भूमच्या मैदानावर त्या दिवशी खो-खोच्या सामन्यात करिश्मा देवकतेनं खांबावर सूर मारला आणि पळणाऱ्या पोरीच्या टाचेला बोट लावलं. पंचांनी शिट्टी फुंकली. गडी बाद झाला, डाव जिंकला. पण टाळ्यांच्या आधी करिश्माच्या कानावर हसू आलं. कडेच्या दगडांवर बसलेली टवाळ पोरं फिदीफिदी हसत शीळ घालत होती. उठताना तिला कळलं, चड्डीची शिवण आसनापासून मांडीपर्यंत उसवली होती.

ती सतरा वर्षांची होती. स्पर्धेत वाटलेले कपडे पुरुषांच्या मापाचे असायचे. चड्डी कमरेला चार वेळा गुंडाळायची आणि मांडीला काचायची. जर्सी गुडघ्यापर्यंत लोंबायची. त्या दिवशी त्या लोंबणाऱ्या जर्सीनंच लाज राखली. ती खाली ओढून धरत करिश्मा सरळ संयोजकांच्या टेबलाशी गेली.

"हे कपडे कुणाच्या मापाचे हाईत?" तिनं विचारलं.

संयोजकानं चहाचा कप खाली ठेवला नाही. म्हणाला, "खेळायला आलीस का मिरवायला?"

तिनं ते वाक्य गिळलं. ते काही पचलं नाही.

करिश्मा भूम तालुक्यातल्या ईट गावची. वडिलांचं नाव श्रीमंत, ते मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. आई हरणाबाई. तिच्या पळण्याची गोष्ट गावात अजून सांगतात. एकदा माळावर लांडग्यानं कोकरू उचललं, तर ही अनवाणी, काट्याकुट्यातून, हातात नुसती काठी घेऊन त्याच्या मागं अशी सुटली की लांडग्यानं कोकरू टाकलं आणि जीव घेऊन पळाला. शाळेतल्या कुमार सरांनी पाचवीतल्या करिश्माला पटांगणात पळताना पाहिलं तेव्हा ते शेजारच्या मास्तरांना म्हणाले होते, "ही हरणाबाईची. बघायलाच नको." त्यांनीच तिला खो-खोत घातलं, त्यांनीच तिला जिल्ह्याच्या संघापर्यंत नेलं.

पुढच्या वर्षी राज्याच्या निवड चाचणीत वळताना तिचा उजवा गुडघा फिरला. बार्शीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. चालशील, जिने चढशील, पण खेळ आता विसर, असं सांगितलं. कुमार सर घरी आले आणि ओसरीवर बसून लहान लेकरासारखे रडले. करिश्मा रडली नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि हरणाबाईनं ओळखलं की पोरगी दुःखात नाही, चिडली आहे. "चिडू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "चिडलेलं माणूस उठतंय तरी."

उठली ती सोलापूरला गेली. तिथं मावशीकडे राहून एका गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला लागली. दोन वर्षांत काजं-बटणापासून ताणणाऱ्या कापडाला सपाट शिवण घालणाऱ्या फ्लॅटलॉक मशीनपर्यंत सगळं शिकली. आणि एक गोष्ट तिथं रोज बघितली. एकाच ताग्यातनं कापलेले, एकाच हातानं शिवलेले टी-शर्ट तीन ढिगांत पडायचे; तीन ढिगांना तीन वेगळी लेबलं लागायची, आणि बाजारात तिन्हींचे भाव वेगळे.

"कापड तर एकच हाय की," ती एकदा बोलली.

कटिंग मास्तर हसला. "लोक कापड घालत न्हाईत पोरी. नाव घालतात."

त्या संध्याकाळी बसथांब्यावर उभ्या उभ्या तिनं ठरवलं, मग नाव माझंच का नको?

ईटला बसस्टँडच्या रस्त्यावर तिनं एक गाळा घेतला, दोन जुनी मशिनं बसवली. श्रीमंत कळपामागून आठ दिवसांसाठी घरी आले होते. त्यांनी गाळा पाहिला, मशिनं पाहिली, आणि एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक कोण?"

"पोरी," करिश्मा म्हणाली.

पहिलं काम कुमार सरांच्याच संघाचं. बारा पोरींचे कपडे. सरांनी नेहमीसारखी चिठ्ठी पाठवली होती: मोठं माप सहा, मधलं सहा, रंग पांढरा. करिश्मानं चिठ्ठी परत पाठवली आणि पोरींना बोलावून घेतलं. एकेकीला दाराआड उभं करून माप घेतलं. कंबर, मांडी, गुडघा, बसल्यावरचं आसन. त्यातल्या प्रतीक्षा नावाच्या पोरीनं विचारलं, "ताई, आमचं माप कशाला घ्यायलीस? आजपर्यंत कुणी घेतलं न्हाय."

"म्हणूनच," करिश्मा म्हणाली.

आसनात तिनं कापडाचा जास्तीचा तिरका तुकडा, कळी घातली, म्हणजे सूर मारताना शिवणीवर ताण येऊ नये. खो-खोत चौकात बसून आणि मातीवर घासून गुडघे झिजतात, तिथं दुहेरी कापड लावलं. पॅंट गुडघ्याखाली नेली. पांढऱ्या रंगावरून मात सरांशी भांडण झालं.

"अगं, शाळेचा रंग आहे तो," सर म्हणाले.

"पांढरी पॅंट ठरवणारानं महिन्यातले चार दिवस ती घालून बघावी सर. मग बोलू."

सर कावरेबावरे झाले. पॅंट गडद जांभळी झाली. डाव्या गुडघ्याच्या वर उजवीकडे झेपावणारी छोटी हरणी, आणि खाली नाव: हरणी. सोलापूरच्या एका विणकामवाल्याकडून तिनं लेबलं करून घेतली होती. पहिलं लेबल तिनं आईच्या हातावर ठेवलं. हरणाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं चित्रावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "शेपटी आखूड झालीया."

त्या बारा पोरी तालुक्याला जिंकल्या. कपड्यांमुळे जिंकल्या असं करिश्मा कधी म्हणाली नाही. पण कुणी पॅंट ओढत, सावरत खेळलं नाही, हे तिनं मैदानाच्या कडेला उभं राहून डोळ्यांनी पाहिलं. मग भूमच्या शाळा आल्या, येडशीचं एक क्रीडा मंडळ आलं, कबड्डीवाल्या पोरी आल्या. मशिनं दोनाची पाच झाली. गावातल्या चार बायका कामावर आल्या.

आणि मग शिवप्रसाद शेठ आला.

धाराशिवला त्याचं खेळाच्या सामानाचं मोठं दुकान. अर्ध्या जिल्ह्यातल्या शाळांना चेंडू, जाळ्या, कपडे तोच पुरवायचा. स्पर्धांना ढाली द्यायचा आणि मंचावर हार घालून घ्यायचा. आधी त्यानं मोबाईलवर मागणी पाठवली: हरणीच्या वीस पॅंटी पाठवा. त्या संपल्यावर स्वतः गाडी घेऊन ईटला आला. मशिनं बघितली, शिवण उलटून बघितली, मान डोलावली.

"हात चांगलाय तुझा," तो म्हणाला. "आता माझं ऐक. शिवायचं तू, लेबल मी देतो." आणि त्यानं पिशवीतून लेबलांची गुंडाळी काढली. साऱ्या जगाला माहीत असलेल्या परदेशी कंपनीची खूण, हजारानं.

"ही तुमाला कंपनीनं दिली?" करिश्मानं विचारलं.

शेठ हसला. "कंपनी कशाला देतीय? बाजारात मिळतात."

"चोरीच करायची तर सरळ दरोडा घालीन शेठ. शिवायला कशाला बसू?"

त्याचं हसू गेलं नाही, फक्त डोळ्यांतून उतरलं. "पोरी, ब्रँड पुण्या-मुंबईत होतात. ईटमध्ये होत न्हाईत." गाडीत बसताना त्यानं गाळ्यावरच्या पाटीकडे नीट पाहिलं. करिश्माला वाटलं, जाताना वैतागानं बघितलं असेल.

त्या गोष्टीला वर्ष होत आलं असताना तुळजापूरहून एक बाई हरणीवालीचा पत्ता विचारत गाळ्यात शिरली. विठाबाई तिचं नाव. देवळाच्या रस्त्यावर ओटीच्या सामानाचं दुकान चालवायची. तिनं 'बसा' म्हणायची वाट पाहिली नाही. पिशवीतून जांभळी पॅंट काढून करिश्माच्या तोंडासमोर कटिंगच्या टेबलावर आपटली.

"ह्यो तुझा माल का?"

पॅंट आसनापासून मांडीपर्यंत उसवलेली होती.

"माझी आरोही चौदा वर्षांची हाय," विठाबाई म्हणाली. "भरल्या मैदानात फाटली. पोरांनी मोबाईलवर फोटू काढले. पोरगी चार दिस झालं घराभायेर न्हाय आली. तुला लेक न्हाय का? लाज न्हाय का तुला?"

करिश्मानं पॅंट उचलली. कापड पातळ, उन्हात धरलं तर आरपार दिसणारं. आसनात कळी नाही. गुडघ्याला दुहेरी कापड नाही. आणि लेबलावर हरणी, पण डावीकडे तोंड केलेली.

"मावशी, ही माझी न्हाय," ती म्हणाली. तिनं मांडणीवरची आपली पॅंट काढून शेजारी ठेवली, उलटून दाखवली, कळी दाखवली. विठाबाई दोन्हींवरून हात फिरवत राहिली. तिचा राग जागा शोधत होता.

"मग ही कुणाची?"

"कुठं घेतली?"

विठाबाईनं शिवप्रसादच्या दुकानाचं नाव सांगितलं.

करिश्मानं आरोहीचं माप तिच्या आईच्या तोंडून विचारून घेतलं, विठाबाईला तिथंच बसवून नवी पॅंट शिवली आणि पैसे घेतले नाहीत. मग फाटकी पॅंट पिशवीत घालून धाराशिवची बस पकडली. दीड-दोन तासांच्या वाटेत तिच्या डोळ्यांपुढं भूमचं मैदान नव्हतं, स्वतःची फजितीही नव्हती. तिला फक्त एवढंच दिसत होतं की जी गोष्ट टाळायला तिनं हे सगळं मांडलं, तीच गोष्ट तिच्या आईचं नाव लावून एका पोरीच्या वाट्याला गेली होती.

दुकानात गिऱ्हाइकं होती. समोरच्या दांडीवर जांभळ्या पॅंटींची ओळ टांगलेली. शिवप्रसाद गल्ल्यावर बसला होता.

"शेठ, ही हरणी कुणाची?"

"माझी," तो शांतपणे म्हणाला. "नाव माझ्या नावावर टाकलंय. सरकारी अर्ज हाय, नंबर हाय. बघायचाय?" आणि त्यानं मोबाईल पुढं केला. "तू नोंदवलं होतंस का? न्हाय ना? मग? आता तूच माझं नाव वापरायलीस. नोटीस येईल तुला. घाबरू नको, मिटवू आपण. शिवायचं तू, लेबल मी देतो. मागंच म्हणलं होतं."

करिश्मानं दांडीवरची एक पॅंट काढली, दोन्ही मुठींत दोन्ही पाय धरले आणि ओढले. चर्रर्र. जोर लावावाच लागला नाही. दुसरी काढली. चर्रर्र. दुकानात एक माणूस मुलीला घेऊन उभा होता. त्याच्या हातात तीच पॅंट होती. करिश्मा त्याला म्हणाली, "भाऊ, घरी नेऊन लेकीला पळायला लावा. आणि मग मैदानावर पाठवायचं का न्हाय, ते ठरवा."

"पोलिसांना बोलावीन!" शेठ उठला.

"बोलवा की. त्यांच्यासमोर तिसरी फाडते."

पोलीस आले नाहीत. त्या माणसानं हातातली पॅंट दांडीवर ठेवली आणि मुलीला घेऊन निघून गेला.

नोटीस मात्र आठवड्यात आली. जाड कागद, वकिलाचा शिक्का. 'हरणी' हे नाव व चिन्ह आमच्या अशिलाचे असून ते गेली तीन वर्षे त्याचा वापर करीत आहेत. आपण ते वापरणे तात्काळ थांबवावे. करिश्मानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. हरणाबाई ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले.

"माझं नाव त्याचं कसं? माझ्या आत्यानं ठेवलंय ते," ती म्हणाली. "बारशाला आला व्हता का त्यो?"

करिश्माला हसू आलं नाही. "माय, त्यानं कागद केलाय."

"मग आपुन बी करू. कागद काय त्याच्या बापाचा हाय?"

गायत्री वकील धाराशिवच्याच. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा काढला. "अर्ज केला म्हणजे मालकी झाली नाही. नाव आधी कोणी वापरलं ते महत्त्वाचं. अर्ज नावनोंदणीच्या सरकारी पत्रिकेत छापून आलाय, हरकत घ्यायला चार महिने असतात. त्यातले तीन गेलेत. पुरावे काय आहेत? आणि राग जरा बाजूला ठेव."

"राग बाजूला ठेवला तर मी घरी जाऊन झोपन, मॅडम. तेवढा असू द्या."

पुरावे गोळा करताना तिला कळलं की आपण किती भाबडेपणानं धंदा केला. पावत्या अर्ध्या नव्हत्या. सोलापूरच्या विणकामवाल्यानं लेबलांची जुनी पावती शोधून दिली. आता कुमार सरांचं एक प्रतिज्ञापत्र हवं होतं: पहिल्या बारा पॅंटी कधी शिवल्या, त्यांवर हरणी होती.

सरांनी चहा सांगितला.

"करिश्मा, शेठ मोठा माणूस आहे," ते म्हणाले. "आमच्या सगळ्या स्पर्धांना तोच मदत करतो. तू मिटवून टाक. नावात काय एवढं? दुसरं ठेव. वाघीण ठेव."

"सर, तुम्ही बघितलंय. तुमच्याच पोरी व्हत्या."

"बघितलंय. पण मला या भानगडीत ओढू नकोस."

ती चहा न पिता उठली. शिवप्रसादवरचा राग तिला बरा वाटला. तो परका होता, चोर होता, त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. हा राग वेगळा होता. ज्यांनी ओसरीवर बसून तिच्या गुडघ्यासाठी रडून घेतलं होतं, ते एका कागदावर सही करायला घाबरले होते. रस्त्यानं चालताना तिला वाटलं, आपण त्या दिवशी रडलो असतो तर बरं झालं असतं. निदान त्यांच्या रडण्यावर विसंबून राहिलो नसतो.

सही प्रतीक्षानं केली. ती आता अठरा पूर्ण होती, बार्शीला कॉलेजात. फोन केला त्याच दिवशी बसनं आली. सोबत अजून तिघी. "ताई, माझं माप घेतलेलं मला आठवतंय," ती म्हणाली. "तारखेसकट सांगते. माझा वाढदिवस व्हता."

तरी गायत्रीबाई समाधानी नव्हत्या. "त्याचं म्हणणं तीन वर्षांचं आहे. ते खोटं पाडायला काहीतरी त्याच्याच तोंडचं हवं."

करिश्मा मोबाईलमधले जुने निरोप वर वर सरकवत राहिली आणि एकाएकी थांबली. मग मोबाईल टेबलावरून वकिलांकडे ढकलला. शिवप्रसादच्या नंबरावरून आलेला निरोप: हरणीच्या वीस पॅंटी पाठवा. अर्जाच्या पाच महिने आधीची तारीख.

गायत्रीबाईंनी तो दोनदा वाचला. "स्वतःच्या मालाची मागणी कोणी दुसऱ्याकडे करतं का?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

हरकत मुदतीत दाखल झाली. सोबत करिश्माचा स्वतःचा अर्जही गेला. ते महिने वाईट गेले. शेठनं शाळाशाळांत सांगितलं होतं की या बाईवर केस आहे, हिचा माल घ्याल तर अडकाल. येडशीचं मंडळ गळालं. दोन शाळांनी दिलेलं काम परत घेतलं. पाचातली तीन मशिनं झाकून ठेवावी लागली. श्रीमंत कळपासोबत लांब होते, त्यांनी फोनवर सगळं ऐकलं आणि विचारलं, "मेंढरं विकू का?" करिश्मा म्हणाली, "आबा, एक मेंढरू बी विकू नका. त्यो आपला कळप मोडायलाच बसलाय." आणि फोन ठेवून तिनं कात्री अशी टेबलावर टाकली की कामावरच्या बायका दचकल्या.

हरकतीला उत्तर द्यायला शेठला दोन महिने होते. त्यानं उत्तर दिलंच नाही. त्या निरोपाची प्रत वकिलाच्या हातात पडल्यावर बहुधा वकिलानंच त्याला गप्प बसवलं असावं. मुदत सरली, शेठनं आपला अर्ज सोडून दिला असं धरलं गेलं, आणि प्रकरण मिटलं. ना सुनावणी, ना कबुली, ना माफी. गायत्रीबाईंनी फोनवर अभिनंदन केलं तेव्हा करिश्मा म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच. जिंकलीस तू."

"आणि आरोहीचे फोटू काढले त्याचं काय? तीन मशिनं झाकून ठेवली त्याचं?"

गायत्रीबाई म्हणाल्या, "त्यासाठी वेगळा दावा लागेल. वर्षं जातील."

"जाऊ द्या की वर्षं," करिश्मा म्हणाली. "मी कुठं चाललेय?"

शिवप्रसादच्या दुकानात जांभळ्या पॅंटी अजून टांगलेल्या असतात. लेबलावर आता दुसरंच कुठलं तरी जनावर आहे. करिश्माला ते कुणी सांगितलं की ती दात आवळते. येडशीचं मंडळ परत आलं, शाळाही एकेक करून आल्या. तिन्ही मशिनांवरची फडकी निघाली. लेबल लावताना आता नावाशेजारी नोंदणीची छोटी खूण असते.

मागच्या महिन्यात कुमार सर आले. दारात चपला काढल्या, हसत आत आले, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. "करिश्मा, यंदा विभागाला जायचंय. चौदा पोरी आहेत. रंग तुझ्या पसंतीचा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसायला लागले.

करिश्मा मशीनवर होती. तिनं शिवण पूर्ण केली, दोरा तोडला.

"पोरींना पाठवा सर," ती म्हणाली. "रविवारी, दहाला. एकेकीचं माप घेईन, मुदतीत कपडे देईन. तुम्ही येऊ नका."

सर अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थबकले. मग खुर्ची जागेवर सरकवली आणि चपला घालून निघून गेले. बसस्टँडच्या गर्दीत त्यांची पाठ दिसेनाशी झाली.

कोपऱ्यात हरणाबाई धाग्यांची टोकं कापत बसली होती. "लई बोललीस," ती म्हणाली.

"कमी बोलले," करिश्मा म्हणाली, आणि पुढची पॅंट मशीनखाली घेतली.